शंखावर ठेवलेला अंगठा

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूंकडे पालखीपुढे शंख फुंकण्याचा मान मागितला. गुरू म्हणाले, "देईन. पण त्याआधी एक संध्याकाळ माझ्याबरोबर यावं लागेल." शिष्याने आनंदाने मान डोलावली. कुठे जायचे हे त्याने विचारले नाही. विचारले असते तर कदाचित तो गेलाच नसता.

हे दोघे राहत ते गाव नदीकाठचे. वर टेकाडावर ग्रामदेवाचे देऊळ, आणि उतार संपतो तिथे रंगाऱ्यांची आळी. आळीतली माणसे निराळ्या वेळी, निराळ्या दिशेला तोंड करून प्रार्थना करीत. पण देवाच्या निशाणाला भगवा रंग चढे तो त्यांच्याच कढयांत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. चैत्रात पालखी निघाली की उतार उतरून ती आळीच्या तोंडाशी थांबे. तिथे शंख वाजे. शंख वाजला की आळीतली दारे उघडत आणि घराघरांतून माणसे पाण्याच्या घागरी घेऊन बाहेर येत. उन्हात तापलेल्या भोयांना आळीचे पाणी, असा रिवाज होता. तो कोणी घालून दिला हे विचाराल तर कोणाला सांगता आले नसते. चांगल्या रिवाजांचे बाप सहसा सापडत नाहीत.

शंख देवळाचा होता. सभामंडपातल्या खुंटीला तो टांगलेला असे. वाजवायचा शंख निराळा आणि पूजेतला निराळा, हे आपल्याला ठाऊक असेलच. तरी सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. पूजेतला शंख अखंड असतो. त्यात पाणी भरून देवावर घालतात आणि ते पाणी तीर्थ होते. वाजवायच्या शंखाचे टोक कापून तिथे छिद्र केलेले असते. तो माणसाच्या ओठांना लागतो, म्हणून उष्टा. त्यात तीर्थ करीत नाहीत. आणि तीर्थाचा शंख कोणी तोंडाला लावीत नाही.

शिष्याचा दम विलक्षण होता. त्याने संध्याकाळच्या आरतीला शंख फुंकला की नदीपलीकडच्या शेतांत माणसे हातातले काम थांबवून देवळाच्या दिशेने हात जोडीत. पालखीपुढचा मान मात्र अजून गुरूंकडेच होता, आणि गुरू आता थकले होते. लहानपणापासून शिष्याने देवाकडे दुसरे काही मागितले नव्हते.

मग आश्विनातली ती संध्याकाळ आली. गुरू आणि शिष्य त्या वेळी दूरच्या एका गावी सप्ताहाला गेले होते. इकडे गावात कुठल्याशा कारणावरून धुसफूस चालली होती. कारण सांगत नाही. अशा वेळी जे कारण सांगितले जाते ते क्षुल्लक असते आणि खरे असते ते सांगण्यासारखे नसते. एका व्यापाऱ्याला आळीच्या घाटावर वखार बांधायची होती. हे गावाला ठाऊक होते, बोलत कोणी नव्हते. भ्यालेल्या रंगाऱ्यांनी दारे आतून लावून घेतली होती. ती दारे जुन्या, जाड लाकडाची. फोडायची म्हटले तर रात्र गेली असती. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आले, की फोडायची कशाला? दिवेलागणीला कोणीतरी खुंटीवरचा शंख काढला, आळीच्या तोंडाशी नेला आणि फुंकला.

दारे उघडली. चैत्र नव्हता, पालखीचा दिवस नव्हता, तरीही उघडली. आळीतल्या भोळ्या माणसांना वाटले, गावाने समेटासाठी देवालाच पाठवले आहे.

अशा गोष्टींत गुरूला नाव नसते, शिष्याला नसते, आणि व्यापाऱ्याला तर देऊच नये. पण ज्यांच्यावर घाव पडला त्यांची नावे गाळायला मला लाज वाटते. सगळ्यांत आधी बाहेर आला त्याचे नाव यासीन. त्याच्या हातात पाण्याची घागर होती. तो पडला, त्याच्या अंगाखाली घागर चेपली, आणि मग हातात काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली माणसे त्याला ओलांडून आळीत शिरली. यासीनच्या आईचे नाव हुरमतबी. उंबऱ्यात उभी राहून हे पाहणाऱ्या त्याच्या मुलीचे नाव शरीफा.

गुरू-शिष्य परत आले तेव्हा शंख आळीच्या तोंडाशी चिखलात पडलेला होता. शिष्य ढसाढसा रडला. त्याने तो उचलला, नदीवर नेला, गोमूत्राने धुतला, दुधाने धुतला, मंत्र म्हणून शुद्ध करून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून आरतीला पुन्हा फुंकू लागला. पूर्वीपेक्षा अधिक दमाने फुंकू लागला. कोणी कुरकूर केली तर तो म्हणे, "चोरानं देवाचं ताम्हन पळवलं म्हणून देव चोर होतो का? त्यांनी शंख बाटवला, म्हणून मी तो त्यांना देऊन टाकू?" या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते. व्यापाऱ्याने तर भर सभामंडपात त्याची पाठ थोपटली. खरे तर तिथेच शिष्याला शंका यायला हवी होती.

त्या दिवसापासून गुरूंचे एक विचित्र वागणे सुरू झाले. आरतीची वेळ झाली, की ते काठी घेत आणि देवाकडे पाठ फिरवून उतार उतरू लागत. आरती संपल्यावर परत येत. लोक आधी कुजबुजले, मग उघड बोलू लागले. "म्हाताऱ्याला चळ लागला," पुजारी म्हणाला. "जन्मभर देवापुढे उभा राहिला, आणि आता नेमका आरतीलाच पळतो." शिष्यालाही ते लागत होते; आपण जीव ओतून शंख फुंकतो आणि आपलेच गुरू तो ऐकायला थांबत नाहीत, याचे त्याला वाईट वाटे.

असा हिवाळा गेला आणि चैत्र लागला. पालखीच्या आदल्या दिवशी शिष्याने मान मागितला. त्याच संध्याकाळी गुरू त्याला म्हणाले, "आज पुजारी वाजवील. तू चल."

ते आळीत शिरले तेव्हा कौलांवर अजून ऊन होते. भिंतींवर नीळ सांडल्याचे जुने डाग होते, आणि काही ठिकाणी त्यांवर काजळी चढली होती. हुरमतबीच्या दाराशी गुरूंनी काठीने दोनदा वाजवले.

"या बाबा," आतून आवाज आला. दार उघडले तेव्हा तिची नजर शिष्यावर गेली. "हा कोण?"

"माझाच आहे," गुरू म्हणाले.

"मग बसा दोघं."

चूल पेटली होती. हुरमतबी भाकरी थापत होती. शरीफा तव्यापाशी बसून पिठाच्या गोळीची चिमणी करीत होती. शिष्याला घर आवडले. त्याला वाटले होते तसे ते रडके नव्हते. हुरमतबीने त्याला गुळाचा खडा दिला आणि विचारले, "आई आहे का रे तुला?" तो नाही म्हणाला. "मग एक भाकरी खाऊनच जा," ती म्हणाली.

दारातले ऊन सरकत उंबऱ्यापर्यंत आले. हुरमतबीने त्याकडे पाहिले आणि तव्यावरची भाकरी तशीच, एका बाजूने कच्ची, उचलून परातीत टाकली. चुलीवर तांब्याभर पाणी ओतले. जाळ चरचरून विझला. शरीफाला कोणी काही सांगितले नाही. ती आपली उठली, कणगीमागच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि दोन्ही कानांवर तिने हात दाबून धरले. हुरमतबीने दार लावले, अडसर घातला. हे सगळे रोज केर काढावा तसे चालले होते. कोणी घाई केली नाही, कोणी रडले नाही.

"काय झालं?" शिष्याने दबक्या आवाजात विचारले.

गुरूंनी ओठांवर बोट ठेवले.

आणि वर देवळात शंख वाजला.

पुजाऱ्याचा दम बेताचा. तरीही तो नाद उतार उतरत आला, आळीत भरला, दाराखालच्या फटीतून आत शिरला. आळीच्या दोन्ही अंगांना अडसर पडल्याचे आवाज होत गेले. अंधारात हुरमतबी भिंतीशी उभी होती. तिने कान झाकले नव्हते. कोपऱ्यात एक चेपलेली घागर होती, तिच्यावर तिने हात ठेवला होता. आपल्याला भीती वाटते आहे हे शिष्याच्या ध्यानात आले, आणि कशाची वाटते आहे हेही.

नाद थांबला. हुरमतबीने थोडी वाट पाहिली. मग तिने चुलीतली ओली लाकडे बाजूला केली, कोरडी घातली, आणि फुंकणी उचलली.

"झालं आजचं," ती म्हणाली. शिष्याकडे वळून तिने जणू त्याची समजूत काढली. "आज बरा होता बाळा. रोजचा जो वाजवणारा आहे ना, तो फार दमाचा आहे. त्याचा संपता संपत नाही."

शिष्याने भाकरी खाल्ली नाही.

बाहेर पडल्यावर दोघे चढ चढू लागले. मध्येच शिष्य थांबला आणि जवळजवळ ओरडला, "तुम्हाला ठाऊक होतं! सगळा हिवाळा तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही मला थांबवलं नाहीत?"

"थांबवलं असतं तर तू माझ्या शब्दाखातर थांबला असतास," गुरू म्हणाले. "मी मेलो की दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केलं असतंस."

"आणि तोवर त्यांनी भोगायचं? त्या पोरीनं?"

"ते माझ्या माथ्यावर आहे. म्हणून तर रोज तिथं जाऊन बसत होतो."

खरे सांगायचे तर गुरूंचे हे उत्तर मला पुरते पटलेले नाही. एका शिष्याला शहाणे करण्यासाठी एका पोरीला रोज कोपऱ्यात बसवावे, हा हिशेब मला जुळवता येत नाही. पण गोष्ट जशी आहे तशी सांगतो. गुरू म्हणून माणूस चुकत नाही असे थोडेच आहे?

शिष्य रस्त्याकडेच्या दगडावर बसला. "शंख मी शुद्ध केला होता, महाराज."

"शंख शुद्ध झाला. त्यांचे कान?" गुरू त्याच्याशेजारी बसले. "तू आजवर शंख वाजवलास, कधी ऐकला नाहीस. वाजवणाऱ्याला शंख ऐकू येत नाही रे, त्याला आपला दम तेवढा ऐकू येतो. शंख म्हणजे मंगल, असं पोथीत आहे. पोथी खोटी नाही. पण ती पोथी हुरमतबीच्या कानात नाही. तिच्या कानात त्या संध्याकाळनं दुसरंच काही लिहून ठेवलंय. ते पुसायचं तर तिच्या दारीच जायला हवं. टेकाडावरून कितीही फुंकलंस तरी ते पुसलं जाणार नाही, उलट गिरवलं जाईल."

"म्हणजे तो टाकून द्यायचा? मग तो कायमचा त्यांचाच झाला, ज्यांनी..."

"टाकलास तर त्यांचाच. असाच फुंकत राहिलास तरी त्यांचाच. त्यांना दोन्ही चालतं."

"मग मी करू काय?"

खाली आळीतून धूर वर येऊ लागला होता; चुली पुन्हा पेटल्या होत्या. पण काही धूर चुलींचा नव्हता. गुरूंनी काठीने तिकडे दाखवले. "यासीनचा धाकटा भाऊ आणि आळीतली जवान पोरं. मोठ्या कढया कौलांशेजारी माळ्यावर चढवल्यात. उद्या आळीच्या तोंडाशी शंख वाजला तर दारं उघडणार नाहीत, वरून उकळता रंग येईल. व्यापाऱ्याला तेवढंच हवं आहे. एक भोई भाजला की पुरे. परवा तिथं आळी उरणार नाही."

"मी वाजवणार नाही."

"तू नाही वाजवलास तर तो तुझ्या हातातून घेऊन दुसरा वाजवील. त्याच्या माणसांत फुंकणारे आहेत." गुरू उठले. "पालखीपुढचा मान तुझा. मला एवढंच सांगता येतं, की उद्या शंख हातातून सोडू नकोस. पुढचं मला सुचलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी माध्यान्ही पालखी उतार उतरू लागली. ऊन असे होते, की भोयांच्या पायांखालची धूळ पोळत होती. दरवर्षी पालखीबरोबर बायकामुले असत. यंदा पुरुषच होते, आणि पुष्कळांच्या हातांत लेझमीऐवजी काठ्या होत्या. व्यापारी पालखीच्या अगदी पुढे चालत होता. त्याने नवे उपरणे घेतले होते. त्याच्याही पुढे शंख छातीशी धरून शिष्य चालला होता.

आळीच्या तोंडाशी पालखी थांबली. सगळी दारे बंद होती. कौलांमागून पांढरी वाफ वर जात होती. वाद्ये थांबली आणि एकदम शांत झाले. त्या शांततेत वर कढई ढवळल्याचा आवाज खाली ऐकू येत होता.

"फुंक," व्यापारी म्हणाला.

शिष्य उभा राहिला.

"अरे फुंक ना! एवढा मोठा दम तुझा, आज कुठं गेला? की भ्यालास?"

मागून हशा झाला. मग कोणीतरी देवाचा जयजयकार केला, आणि त्या जयजयकारात भक्ती औषधालाही नव्हती. शिष्य गर्दीकडे पाठ करून आळीत शिरला. तो एकटाच पुढे जातो आहे हे पाहून कौलांवर हालचाल झाली. वरून एक दगड आला आणि त्याच्या भुवईवर बसला.

रक्त डोळ्यात उतरले. मागे गर्दीने आरोळी ठोकली. "बघितलंत? देवाच्या माणसावर हात टाकला!" व्यापारी ओरडला. "आता तरी फुंक!" आणि मंडळी, त्या क्षणी शिष्याला राग आला. त्याने कोणाचे काय वाईट केले होते? सवयीने छातीत श्वास भरला, शंख धरलेला हात आपोआप वर गेला. जन्मभर त्याने याच जागी, याच दिवशी शंख फुंकण्याचे स्वप्न पाहिले होते. छिद्र ओठांपासून चार बोटांवर आले. समोर हुरमतबीचे दार होते, आणि त्या दारामागे, कणगीच्या कोपऱ्यात, कानांवर हात दाबून कोण बसले आहे हे त्याला दिसत असल्यासारखे ठाऊक होते.

त्याने छिद्रावर अंगठा ठेवला. घट्ट दाबून ठेवला. मग तो हुरमतबीच्या पायरीवर बसला, शंख उताणा करून दोन्ही हातांत ओंजळीसारखा पुढे धरला, आणि म्हणाला, "बी, भोयांना तहान लागलीय. पाणी दे."

दार हलले नाही. भुवईवरचे रक्त गालावर आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता. वर कोणीतरी "नको! अम्मा, उघडू नको!" असे ओरडले. शिष्य पुन्हा म्हणाला, "बी, रोजचा वाजवणारा मीच. काल मी सांगितलं नाही. आज वाजवत नाही, बघ, अंगठा ठेवलाय. पाणी दे."

आत अडसर सरकला. दार हातभर उघडले. हुरमतबी उंबऱ्यात उभी होती आणि तिच्या कमरेवर ती चेपलेली घागर होती. तिने त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात माया नव्हती. तिने त्याचा अंगठा पाहिला, रक्त पाहिले, मग वर कौलांकडे पाहून म्हणाली, "कढई उतरव." आणि घागर कलती करून तिने शंखात पाणी ओतले. पाणी शंखात राहिले. अंगठा ढिला केला असता तर सगळे वाहून गेले असते.

शिष्य उठला आणि जपून पावले टाकीत पालखीकडे निघाला.

"बाटला!" व्यापारी किंचाळला. "देवाचा शंख बाटवला! यांच्या घरचं पाणी त्यात!"

आता गुरू पुढे आले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "शेठ, शंखात पडलं की तीर्थ, हे तुमच्या आजीनं तुम्हाला शिकवलं असेल ना? की पाणी कुणाच्या घागरीतलं ते बघून शास्त्र बदलायचं?"

व्यापारी मूर्ख नव्हता. शास्त्र त्यालाही येत होते. "वाजवायच्या शंखात तीर्थ होत नाही," तो म्हणाला. "उष्टा आहे तो. सगळ्या जगाला ठाऊक आहे."

लोकांनी माना डोलावल्या. बोलणे खरे होते. शिष्याने शंखाकडे पाहिले. तेवढ्या वेळात त्याने काय सोडले हे त्याचे त्यालाच ठाऊक.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "तर मग आजपासून हा वाजवायचा शंख नव्हे. त्या उंबऱ्यातून कुणी मला 'वाजव' म्हणेपर्यंत मी तो तोंडाला लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही. तोवर हा तीर्थाचा शंख. तीर्थाच्या शंखाला ओठ लावायचे नाहीत, हेही सगळ्या जगाला ठाऊक आहे."

आपल्याच तोंडाने व्यापाऱ्याने शंख मुका केला होता. काठ्या घेतलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. अजूनही काहीही घडू शकत होते. तेवढ्यात पालखीच्या पुढच्या दांडीखालचा भोई, ज्याच्याकडे इतका वेळ कोणाचेच लक्ष नव्हते, वैतागून म्हणाला, "महाराज, शास्त्र मागनं काढा. खांदा निघाला माझा, घसा कोरडा पडलाय." आणि त्याने एक हात दांडीवर ठेवून दुसऱ्याची ओंजळ पुढे केली.

शिष्याने पहिल्यांदा पालखीवर पाणी शिंपडले आणि मग अंगठा थोडा सैल केला. छिद्रातून बारीक धार भोयाच्या तळव्यावर पडली. तो प्याला, ओला हात त्याने डोक्यावरून फिरवला, आणि म्हणाला, "आणखी."

हुरमतबी घागर घेऊन पुन्हा उंबऱ्यात आली. त्या दिवशी आळीतले तेवढे एकच दार उघडले. पण वरची वाफ हळूहळू विरळ झाली, आणि पालखी कोणी न भाजता, कोणी न मरता पुढे गेली.

त्यानंतर आरतीला शंख वाजेनासा झाला. गावातल्या पुष्कळांना ते कधीच आवडले नाही. शिष्याला लोक "मुका" म्हणू लागले, आणि काही जणांनी देवळात येणे सोडले. व्यापाऱ्याने पुढल्या वर्षी दुसरा शंख आणून पाहिला. भोयांनी पालखी खांद्यावरून उतरवून रस्त्यात ठेवली आणि ते सावलीत जाऊन बसले. मग त्याने तो नाद सोडला. वखार त्याने नदीच्या वरच्या अंगाला बांधली.

दर चैत्रात शिष्य त्या पायरीवर बसे, छिद्रावर अंगठा ठेवी, आणि हुरमतबी पाणी ओती. पुढे आणखी दारे उघडू लागली, एकेक, वर्षांच्या अंतराने. हुरमतबीने क्षमा केली, असे ही गोष्ट सांगणारे काही लोक सांगतात. मला तसे वाटत नाही. ती पाणी देत होती. पाणी देणे आणि क्षमा करणे या दोन गोष्टी आहेत. "वाजव" असे ती कधीच म्हणाली नाही, आणि शिष्यानेही तिला कधी विचारले नाही. गुरू गेले. मग एका पावसाळ्यात हुरमतबीही गेली.

शिष्य म्हातारा झाला. त्याला दमा जडला. ज्याचा दम नदीपलीकडे पोहोचत असे, त्याला आता उतार उतरतानाही मध्ये थांबावे लागे. अशाच एका चैत्रात पालखी आळीच्या तोंडाशी थांबली, तो नेहमीप्रमाणे पायरीवर बसला, आणि शंख उताणा करून त्याने पुढे धरला. दारात शरीफा उभी होती. तिच्या केसांत आता पांढरे आले होते. तिने घागर खाली ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा शंख मी कधी धड ऐकलाच नाही. कानांवर हात असायचे माझे. वाजवा आज."

शिष्याला आधी समजलेच नाही. इतकी वर्षे दाबून दाबून अंगठ्याला छिद्राच्या आकाराचा घट्टा पडला होता. मग तो अंगठा त्याने बाजूला घेतला, आणि शंख ओठांना लावला.

शंख नीट वाजला नाही. दम पुरला नाही. आधी नुसती हवा गेली, मग घोगरा, फाटका, तुटक असा आवाज निघाला आणि मध्येच विरला. शिष्य खोकू लागला. त्याने मान खाली घातली. जन्मभर जपलेले आणि जन्मभर आवरलेले जे होते, ते एवढेच शिल्लक राहिले होते, आणि त्याची त्याला लाज वाटली.

मग त्याला कळले, की अडसर पडल्याचा एकही आवाज झालेला नाही. त्याने वर पाहिले. शरीफा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"ह्याला भीत होतो होय आम्ही?" ती म्हणाली, आणि खाली वाकून तिने घागर उचलली.